‘विंडो’चे कूळ कसे शोधावे

इंग्रजी जोडशब्दाचे मूळ शोधू लागल्यावर पहिली अडचण ही येते की, पुष्कळदा तो जोडशब्द आहे हेच ओळखू येत नाही. ‘रेनकोट’मधला सांधा सहज दिसतो, ‘विंडो’मधला मात्र शतकानुशतके बोलून बोलून झिजून गेला आहे, आणि म्हणूनच सरावासाठी हा शब्द उत्तम.

आजच्या रूपावरून विग्रह करण्याचा मोह आधी आवरावा. ‘विंड’ म्हणजे वारा हे बरोबर असले, तरी उरलेल्या ‘ओ’ला अंदाजाने अर्थ चिकटवू नये. ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशासारखा, जुनी अवतरणे कालक्रमाने देणारा कोश उघडून सर्वांत जुने रूप पाहावे. १३व्या शतकातील लेखनात ‘विंडोगे’ असे रूप आढळते. त्यातला ‘ग’ फार मोलाचा आहे, कारण तोच आपल्याला जुन्या नॉर्स, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडील (स्कँडिनेव्हियातील) पूर्वीच्या भाषेतील ‘विंदाउगा’पर्यंत पोहोचवतो: ‘विंद्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. काच नसलेल्या झरोक्याला वाऱ्याचा डोळा म्हणणाऱ्यांची नजर किती चित्रमय असेल!

यानंतर भावंडे तपासावीत. डॅनिशमध्ये ‘विंदुए’ आणि नॉर्वेजियनमध्ये ‘विंदु’ असल्याने नॉर्स कूळ पक्के होते. ९व्या शतकापासून उत्तर व पूर्व इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांमुळे हा शब्द इंग्रजीत कसा आला, हेही उलगडते.

नव्या शब्दाने कोणाची जागा घेतली, हे पाहणे बहुतेक जण विसरतात. जुन्या इंग्रजीत खिडकीला ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळ्याचे छिद्र, असा शब्द होता. तो लोपला, पण छिद्र या अर्थाचा ‘थिर्ल’ आजही ‘नॉस्ट्रिल’मध्ये, म्हणजे नाकपुडीत, टिकून आहे.

लोकव्युत्पत्तीपासून, म्हणजे ध्वनिसाम्यावरून लोकांनी लावलेल्या मुळापासून, सावध राहावे. १७व्या शतकात ‘विंडोर’ असेही लिहिलेले आढळते, जणू ते वाऱ्याचे दार असावे. अशा रूपावरून लोकांची समजूत कळते, मूळ नव्हे.

आपल्या वाचकाला इथे संस्कृतातील ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’ आठवतीलच. ‘वात’ आणि ‘विंड’ एकाच धातूचे, तर ‘अक्षि’ आणि इंग्रजी ‘आय’ही सगोत्र मानले जातात. तरीही ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा, वाऱ्याचा नव्हे. तेव्हा नोंद करताना घटकांचे नाते एका रकान्यात आणि नॉर्स लोकांनी स्वतंत्रपणे केलेली जोडणी दुसऱ्या रकान्यात लिहावी.