काळजी करायची की घ्यायची?

मिरजेत माझ्याकडे दर रविवारी एक परिचारिका मराठी शिकायला येते. मूळची केरळची. सुरुवातीच्या दिवसांत एका म्हाताऱ्या रुग्णाला घरी सोडताना तिनं त्याच्या मुलीला सांगितलं, "बाबांची खूप काळजी करा." मुलीला तिथंच रडू फुटलं. हिला म्हणायचं होतं 'घ्या'. तेव्हापासून हा शब्द शिकवताना मी आधी क्रियापद लिहून देते.

काळजी घेतात ती हातांनी: वेळेवर गोळी, पथ्याचं जेवण, पाठीमागे उशी. काळजी करतात ती मनात. 'वाटते' म्हटलं तर थोडी. 'लागली' म्हटलं की झोप उडालेली. 'काळजीवाहू मुख्यमंत्री' यातली काळजी घेण्यातली आहे, नवं सरकार येईपर्यंत कारभार सांभाळण्याची.

पर्यायी शब्द हवा असेल तर आधी या दोहोंतली कोणती ते ठरवा. घ्यायच्या काळजीला देखभाल, जपणूक, निगा. निगा मात्र 'राखतात', मग ती बाळंतिणीची असो की गुलाबाच्या रोपाची.

करायच्या काळजीला पहिला शब्द सुचतो चिंता. तो जरा लेखी वळणाचा. बातमीत प्रकृती 'चिंताजनक' असते, 'काळजीजनक' कुणी म्हणत नाही. पण वॉर्डात डॉक्टर "काळजीचं कारण नाही" म्हणाले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पैशाअडक्याची असेल तर विवंचना. पुढं काय वाढून ठेवलंय याची भीती असेल तर धास्ती. पोरगं रात्री अकरापर्यंत घरी आलं नाही, फोनही लागत नाही, तेव्हा आईच्या जिवाला लागतो तो घोर. याच्या जागी दुसरा शब्द मला तरी चालत नाही. फिकीर आणि पर्वा फारसीच्या वाटेनं आलेले. ते बहुधा नकारात शोभतात, 'त्याला कुणाची पर्वा नाही' असे.

उलट अर्थाचे शब्द जपून वापरा. रिपोर्ट चांगला आला की माणूस निश्चिंत होतो, बिनघोर झोपतो. गोळीची वेळ चुकवणारा तो निष्काळजी. रुग्णाला 'निष्काळजी राहा' असं चुकूनही सांगू नये, हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

गेल्या रविवारी ती आली तेव्हा सांगत होती, रात्रपाळीत एक आजी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. ही त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, जिवाला घोर लावून घेऊ नका. आम्ही आहोत ना इथं."