लहान सस्तन प्राण्यांची दैनिक लय आणि ऊर्जाव्यय: मोजमापातील या चुका टाळा

उंदीर किंवा हॅमस्टर यांच्या ऊर्जाव्ययाच्या नोंदी विसंगत येऊ लागल्या की संशय बहुधा यंत्रावर घेतला जातो. मोजमाप कोणत्या वेळी आणि किती तापमानात झाले, हे त्याआधी तपासावे.

सर्वांत महागात पडणारी चूक तापमानाची असते. 22 अंश सेल्सिअस माणसाला सुखद वाटते, परंतु प्रयोगशाळेतील उंदराला जादा उष्णता निर्माण न करता शरीराचे तापमान टिकवता येते ते सुमारे 29 ते 32 अंशांच्या पट्ट्यात. त्याहून थंड खोलीत त्याच्या अन्नातील ऊर्जेचा मोठा वाटा केवळ ऊब राखण्यात खर्च होतो, आणि पिंजऱ्यात तो एकटा, घरट्याच्या साहित्याविना असेल तर हा खर्च आणखी वाढतो. अशा वेळी औषधाचा म्हणून नोंदवलेला परिणाम प्रत्यक्षात थंडीशी गुंतलेला असू शकतो.

दुसरी चूक उपवासाची आहे. उंदीर आपले बहुतेक अन्न रात्री खातो. त्यामुळे ‘रात्रभराचा उपवास’ ही त्याच्यासाठी खरीखुरी उपासमार ठरते. थंड खोलीत उपाशी ठेवलेल्या उंदराचे शरीर-तापमान 31 अंशांच्याही खाली उतरू शकते आणि प्राणवायूचा वापर एकदम घटू शकतो. ही टॉर्पर नावाची तात्पुरती सुप्तावस्था आहे. तिला आजार किंवा संवेदकाचा बिघाड समजून त्या नोंदी वगळणे म्हणजे ऊर्जा वाचवण्याची मूळ यंत्रणाच अभ्यासातून काढून टाकणे होय. जुंगेरियन हॅमस्टर तर हिवाळ्यासारख्या लहान दिवसांत पुरेसे अन्न असतानाही, मुख्यतः विश्रांतीच्या काळात, या अवस्थेत जातो.

व्होलसारख्या (उंदरासारखा दिसणारा लहान कुरतडणारा प्राणी) प्राण्यांत खाणे आणि विश्रांती यांची आवर्तने काही तासांचीच असतात, म्हणून दिवस-रात्रीच्या दोन सरासऱ्या त्यांच्याबाबतीत फारसे काही सांगत नाहीत. भिन्न वजनांच्या गटांची तुलना करताना ऊर्जाव्ययाला नुसते वजनाने भागू नये; वजन हा सहचल (निकालावर परिणाम करणारा सोबतचा घटक) मानून सांख्यिकी विश्लेषण करावे.

प्रकाशाबाबत विशेष दक्षता घ्यावी. उजेड उंदराची हालचाल थेट दडपतो, त्यामुळे प्रकाश-अंधाराच्या चक्रात दिसलेली लय जैविक घड्याळाचीच आहे, असा निष्कर्ष सतत अंधारातील नोंदींशिवाय काढू नये. सतत अंधारात अनेक उंदरांचे आवर्तन 24 तासांहून किंचित कमी भरते, म्हणून विश्लेषणाची वेळही भिंतीवरील घड्याळानुसार न ठरवता प्राण्याच्या हालचालीच्या आरंभापासून मोजावी. लाल दिव्याला उंदरांचे डोळे कमी संवेदनशील असले तरी पूर्णपणे आंधळे नसतात. तो मंद ठेवावा, गरजेपुरताच लावावा, आणि यंत्रांवरील निर्देशक दिवेही झाकावेत.