खिडकीच्या काचेपासून रंगवलेली थाळी : भट्टीतल्या काचकामाची सुरुवात

भट्टीत काच वाकवण्याचे आणि तिच्यावरचा रंग भाजून पक्का करण्याचे काम शिकायचे असेल, तर महागडी आयात रंगीत काच विकत घेण्याआधी खिडकीला बसवतात ती साधी ६ मिलिमीटर जाडीची काच घ्यावी, असे माझे मत आहे. ही काच कोणत्याही गावातल्या काचेच्या दुकानात मिळते, तुकडा वाया गेला तर मन फारसे हळहळत नाही, आणि तिच्यावर हात बसला की पुढची कोणतीही काच सोपी वाटते. येथे २५ सेंटिमीटर व्यासाची एक उथळ थाळी डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिच्यावर काळ्या रंगाचे रेखाटन आणि छटा, मागच्या बाजूने चांदीचा पिवळा (चांदीच्या संयुगामुळे काचेला येणारा पिवळा रंग), आणि आकार साच्यात वाकवून दिलेला.

दुकानदाराकडून काच घेताना ती टफन (तापवून झटकन निववून कणखर) केलेली नाही, दोन काचा चिकटवून केलेली नाही आणि तिच्यावर आरशासारखा लेप नाही, एवढे विचारून घ्यावे. टफन काच कापता येत नाही. हिरकणीची रेघ ओढून दाब दिला की तिचा चुरा होतो. अशा काचेच्या कोपऱ्यात बहुधा छोटा शिक्का असतो, तो पाहावा. दोन थर एकत्र वितळवायचे असतील, तर दोन्ही तुकडे एकाच तावातून कापावेत. तापल्यावर प्रत्येक काच किती प्रसरण पावते हे तिच्या घटकांवर ठरते, आणि प्रसरणात फरक असलेल्या दोन काचा भट्टीत सुखाने जुळल्या, तरी निवताना एकमेकींना ओढतात. हा ताण कधी लगेच तडा पाडतो, कधी दोन महिन्यांनी, टेबलावर नुसती ठेवलेली असताना. जोडलेला तुकडा दोन ध्रुवण फिल्मांच्या मध्ये धरून उजेडाकडे पाहिले आणि सांध्याभोवती उजळ कडे दिसले, तर तो ताण समजावा. अशी फिल्म जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून काढता येते.

खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका बाजूवर कथिलाचा अतिसूक्ष्म अंश राहतो. रंगकामात ही बाजू ओळखणे आवश्यक आहे. २५४ नॅनोमीटरचा लघुलहरी अतिनील दिवा अंधारात काचेला तिरपा लावला, तर कथिलाची बाजू फिकट दुधी चमकते. नोटा तपासण्याचे जे दिवे बाजारात मिळतात ते बहुधा दीर्घलहरी असतात आणि या कामी उपयोगाचे नाहीत. दिव्याकडे थेट पाहू नये. बाजू ठरली की कोपऱ्यावर मार्करने खूण करावी. काळे रेखाटन दुसऱ्या, म्हणजे हवेच्या बाजूवर करावे. चांदीचा पिवळा मात्र कथिलाच्या बाजूवर अधिक गडद, मधासारखा उतरतो.

भट्टीविषयी

छोटी विजेची भट्टी पुरते, पण तिला टप्प्याटप्प्याने तापमान चढवणारा आणि उतरवणारा नियंत्रक असलाच पाहिजे. हाताने बटण फिरवून मातीची भांडी भाजता येतील, काच नाही. झाकणात वरून तारा असलेली भट्टी सपाट कामाला उत्तम, कारण काचेच्या सर्व भागाला सारखी उष्णता मिळते. तारा केवळ बाजूंना असतील, तर कडा आधी तापतात आणि मोठा तुकडा चढतानाच तडकू शकतो. सिरॅमिक लोकरीचे अस्तर असलेली भट्टी विटांच्या भट्टीपेक्षा लवकर निवते, म्हणून तिच्यात उताराचा प्रत्येक टप्पा नियंत्रकात भरावाच लागतो.

नियंत्रकावरचा आकडा म्हणजे काचेचे तापमान नव्हे, तर तापमापकाच्या टोकाजवळच्या हवेचे. म्हणून नवी भट्टी आली की पहिल्या दिवशी काही घडवू नये. ६ मिलिमीटर काचेची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी दोन विटांवर, मध्ये २० सेंटिमीटर अंतर सोडून ठेवावी, भट्टी सावकाश तापवावी आणि ६०० अंशांनंतर दर दहा अंशांनी झरोक्यातून पाहून पट्टी कधी झुकते ते लिहून ठेवावे. पाहताना अवरक्त किरण अडवणारा चष्मा लावावा. माझ्या आणि तुमच्या भट्टीत वीस अंशांचा फरक सहज असू शकतो, म्हणून पुढे दिलेले सर्व आकडे या वहीशी ताडून घ्यावेत.

भट्टीत काच ज्यावर ठेवतात त्या फळीला आणि साच्याला काच चिकटू नये म्हणून ॲल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती यांचे पाण्यात कालवलेले पातळ मिश्रण लावतात. मऊ रुंद ब्रशने चार-पाच हात द्यावेत, प्रत्येक हात आधीच्या हाताला काटकोनात, आणि मग पूर्ण वाळू द्यावे. साचा झिलई नसलेल्या भाजलेल्या मातीचा असावा व त्याच्या तळाला दोन-तीन मिलिमीटरची भोके असावीत. नाहीतर खाली अडकलेली हवा काचेला बसू देत नाही. कुंभाराकडून आणलेले उथळ मातीचे भांडेही चालते, मात्र आधी ते रिकामेच सावकाश भाजून त्यातली ओल घालवावी. काच मातीपेक्षा जास्त आकुंचन पावते, म्हणून मातीच्या साच्याच्या आत बसलेली काच निवताना सुटी होते. त्याच साच्याच्या पाठीवर पांघरलेली काच मात्र त्याला आवळून फुटते. पांघरायचे असेल तर स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे, कारण स्टील काचेहूनही अधिक आकुंचन पावते आणि आतून स्वतःच सुटते.

कापणी आणि रंग

काच कापताना कटरचे चाक रॉकेलमध्ये बुडवून एकाच दाबाने एकच रेघ ओढावी. रेघ बरोबर पडली, तर बारीक, सलग करकर ऐकू येते. तीच रेघ पुन्हा गिरवली की चाक बोथट होते आणि काच भलतीकडे जाते. कडा पाण्याखाली घासून बोथट कराव्यात, कारण कडेचा प्रत्येक बारीक टवका हा पुढच्या तड्याचा उगम असतो. नंतर खडूच्या पुडीने व पाण्याने काच स्वच्छ करावी. बोटाच्या तेलाचा एक ठसा राहिला, तरी त्या जागी रंग पाण्याच्या थेंबासारखा गोळा होतो.

काळा रंग म्हणजे लोखंडाची किंवा तांब्याची भस्मे आणि कमी तापमानाला वितळणारी दळलेली काच यांची पूड. ती भट्टीत वितळून खालच्या काचेशी एकजीव होते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाचा जवळून पाहिल्या, तर शिशाच्या जाड पट्ट्यांव्यतिरिक्त ज्या बारीक काळ्या रेषा आणि करड्या छटा दिसतात, त्या याच पद्धतीच्या. पूड खरबरीत काचेच्या पाटीवर थोड्या पाण्यात घोटावी आणि त्यात अरबी डिंकाच्या पाण्याचे काही थेंब घालावेत. डिंकाचे प्रमाण हाच या कामातला खरा अवघड भाग आहे आणि तो वाचून येत नाही. डिंक कमी पडला, तर वाळलेली रेघ बोटाबरोबर पुसली जाते. जास्त झाला, तर भट्टीत रंग तळल्यासारखा फुगून फोड येतात. वाळलेल्या रेघेवरून बोट हलकेच फिरवल्यावर किंचित पूड लागावी, पण रेघ जागची हलू नये, एवढी परीक्षा मला पुरते.

रेखाटन काचेखाली ठेवावे, शक्यतो खालून उजेड असलेल्या टेबलावर. मनगट टेकवायला दोन ठोकळ्यांवर लाकडी पट्टी ठेवून पूल करावा, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. लांब केसांचा, टोकदार ब्रश रंगाने भरून रेघ एका ओढीत पूर्ण करावी. अर्ध्यावर थांबून पुन्हा जोडलेली रेघ भाजल्यावर नेमकी तिथेच दाट दिसते. रेघांवर लगेच ओली छटा दिली, तर पाण्याने रेघा सुटतात, म्हणून नवशिक्याने रेघा भाजून घ्याव्यात आणि मग छटेकडे वळावे.

छटेसाठी पातळ रंग रुंद ब्रशने सगळ्या काचेवर पसरवावा आणि लगेच मोठ्या, मऊ, कोरड्या ब्रशने आडवा-उभा हलका फटकारत तो समतल करावा, थेट वाळेपर्यंत. यासाठी युरोपात बिजूच्या केसांचा ब्रश वापरतात; तो फार महाग असतो आणि सुरुवातीला बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशावर भागते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही छटा वाळायला इतका वेळ घेते की हात दुखून येतो. पंखा लावला तर धूळ बसते. वाळलेल्या छटेतून मग बांबूची काडी, सुई आणि राठ केसांचा आखूड ब्रश यांनी उजेड खरवडून काढायचा असतो. चित्राचे सौंदर्य बहुतेक वेळा या काढून टाकण्यातच असते. हे खरवडताना मुखपट्टी लावावी, कारण या रंगात बहुधा शिसे असते, आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. त्याच कारणासाठी ही थाळी खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये.

भाजणी

रेघा भाजताना काच फळीवर सपाट, रंग वर करून ठेवावी आणि ६५० ते ६६० अंशांना पाच-दहा मिनिटे धरावी. बाहेर आल्यावर रंग खडूसारखा दिसला व नखाने निघाला, तर उष्णता कमी पडली. रेघा फिकट होऊन विरल्या, तर जास्त झाली. छटेची भाजणी आणि वाकवणे मात्र एकत्र करता येते, कारण दोहोंची तापमाने जवळजवळ आहेत. काच साच्यावर काटेकोर मध्यावर ठेवावी, रंग वरच्या बाजूला.

चढताना ताशी १५० अंशांनी ५४० पर्यंत जावे, पंधरा मिनिटे थांबावे, मग ताशी २०० अंशांनी ६९० च्या आसपास पोहोचून दहा मिनिटे धरावे. या वेळी झरोक्यापासून दूर जाऊ नये. काच साच्याला टेकली की काम झाले, त्यानंतरचे प्रत्येक मिनिट खालच्या बाजूला लेपाची खरबरीत छाप उमटवते. त्यानंतर भट्टीला झाकण न उघडता आपोआप ५५० अंशांपर्यंत उतरू द्यावे आणि तेथे एक तास थांबावे.

हा तास आणि त्यापुढचे उतरणे म्हणजे अनीलिंग, मराठी परिभाषेत अनुशीतन. या तापमानाला काच घट्ट दिसत असली, तरी तिच्या आतला ताण हळूहळू सैल होऊ शकतो. तासाभराने ताशी ८० अंशांनी ४९० पर्यंत, मग ताशी १५० अंशांनी ४३० पर्यंत, आणि नंतर भट्टी बंद करून आतले तापमान ५० अंशांच्या खाली येईपर्यंत हात लावू नये. माझी पहिली थाळी मी १२० अंशांना झाकण उचलून पाहिली होती. ‘टिक्’ असा एवढासा आवाज आला. जाडी वाढली, तर हे आकडे झपाट्याने बदलतात: १२ मिलिमीटरला दोन तास थांबून ताशी ५५ अंश, तर २५ मिलिमीटरला चार तास थांबून ताशी १५ अंश. वरचा तुकडा खालच्यात पूर्ण न विरता नुसता चिकटवलेला असेल, तर जाडी कमीजास्त असल्यामुळे प्रत्यक्ष जाडीच्या दुप्पट धरून आकडे घ्यावेत.

वीज गेली तर झाकण उघडण्याचा मोह आवरावा. वीज परत येईपर्यंत तापमान ५५० च्या वर असेल, तर काही बिघडत नाही. तेथूनच पुढचा टप्पा सुरू करावा. त्याखाली गेले असेल, तर आहे तेथून ताशी १०० अंशांनी पुन्हा ५५० पर्यंत चढून पूर्ण तास द्यावा. नियंत्रक वीज आल्यावर आपोआप पहिल्या टप्प्यापासून सुरू होतो की थांबून राहतो, हे रिकाम्या भट्टीत आधीच तपासून ठेवावे.

फुटलेली काच फेकून देण्याआधी तिच्या तड्याची कड पाहावी. कड गोलसर, वितळलेली असेल, तर काच चढताना फुटली आहे आणि पुढच्या वेळी सुरुवातीचा वेग कमी करावा. कड धारदार असेल, तर ती उतरताना फुटली आहे. मग दोष अनीलिंगमध्ये, साच्याच्या आकारात किंवा काचेच्या विजोडपणात शोधावा. पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा मळकट थर आला असेल, तर काच ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहून स्फटिक बनू लागली आहे. खिडकीच्या काचेत हा दोष हटकून येतो, विशेषतः दोन थर ८२० अंशांच्या आसपास पूर्ण वितळवताना. त्या भाजणीआधी टाकणखाराचे पातळ पाणी काचेवर फवारून वाळवले, तर तो पुष्कळ टळतो.

चांदीचा पिवळा

हा सर्वांत शेवटी करावा, कारण त्याला सर्वांत कमी उष्णता लागते. चांदीचे संयुग आणि गेरूसारखी माती यांचे मिश्रण काचेवर लावतात. भट्टीत चांदीचे आयन काचेतल्या सोडियमची जागा घेत आत शिरतात आणि माती वर राहते. म्हणजे हा रंग काचेवर बसत नाही, काचच पिवळी होते. युरोपातल्या कारागिरांना ही युक्ती चौदाव्या शतकाच्या आरंभी साधली. यासाठी ब्रश वेगळा ठेवावा आणि त्याला धातूची पट्टी नसावी, कारण हे मिश्रण धातू खाते. हातमोजे न घातल्यास बोटांवरचे काळे डाग बरेच दिवस जात नाहीत.

थाळीच्या मागच्या, कथिलाच्या बाजूवर हवे तेथे मिश्रण लावून ते वाळवावे आणि थाळी लेप दिलेल्या फळीवर पालथी ठेवावी. सुमारे ५५० अंशांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि त्यानंतर नेहमीचा सावकाश उतार द्यावा. उष्णता वाढली तर पिवळ्याऐवजी निळसर, धातूसारखी, अपारदर्शक झाक येते आणि ती परत जात नाही, म्हणून आधी त्याच तावाच्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या तापमानांना भाजून पाहाव्यात. थाळी बाहेर आल्यावर वर लालसर माती तशीच असते, आणि काही झालेच नाही असे वाटते. ती ओल्या कापडाने पुसावी व थाळी खिडकीसमोर धरावी.