४के मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी दिसतायत? रिझोल्यूशन तसंच ठेवा, स्केल बदला

बाबा घरून मराठी पुस्तकांची प्रुफं तपासतात, त्यांच्या डोळ्यांना जरा आराम म्हणून २७ इंची ४के मॉनिटर घेतला. जोडून द्यायला आलेल्या मुलाने बघितलं की अक्षरं बारीक दिसतायत, तर त्याने सरळ रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणून ठेवलं आणि गेला. अक्षरं मोठी झाली खरी, पण सगळी धुरकट, आणि दोन दिवसांनी बाबा म्हणाले अरे जुनाच बरा होता, यात मला घ आणि ध वेगळे दिसत नाहीयेत.

हीच चूक खूप जण करतात म्हणून आधी तेवढं नीट सांगतो. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. रिझोल्यूशन कमी केलं की कॉम्प्युटर फक्त २१ लाखांचं चित्र पाठवतो आणि मॉनिटर तेच ताणून दाखवतो. स्केलिंगमध्ये, म्हणजे रिझोल्यूशन तसंच ठेवून फक्त अक्षरं-आयकॉन मोठे करण्यात, सगळे ८३ लाख पिक्सेल वापरात राहतात, अक्षर फक्त जास्त पिक्सेल घेऊन काढलं जातं, म्हणून ते मोठंही होतं आणि कोरीवही. देवनागरीला तर हे फारच लागतं, कारण भ आणि म मधला फरक शिरोरेषेतल्या एका छोट्याशा फटीचा, चिंता आणि चिता मधला एका टिंबाचा.

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. वरती १ आणि २ असे चौकोन दिसतील, त्यातला बाहेरच्या मॉनिटरचा चौकोन आधी निवडा, नाहीतर बदल लॅपटॉपच्या स्क्रीनला लागतो आणि आपण मॉनिटरकडे बघत बसतो. मग खाली डिस्प्ले रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० आहे ना ते बघा आणि त्याच्या वरचं स्केल बदला.

आकडा कुठला? २७ इंचाला साधारण १५०%, ३२ इंचाला १२५ किंवा १५०, २४ इंचाला १७५ किंवा २००. कारण असं की २७ इंची ४के वर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल बसतात आणि साध्या २४ इंची फुल एचडीवर (१९२० बाय १०८०) ९२ च्या आसपास, म्हणून १००% वर अक्षर फारच बारीक दिसतं. १५०% केलं की स्क्रीनवर मजकूर मावायला जागा २५६० बाय १४४० इतकी मिळते, २००% वर १९२० बाय १०८०, म्हणजे जागा त्या मुलाने केली होती तेवढीच, पण अक्षर एकदम स्वच्छ. पण आकड्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय म्हणून तेच धरून बसू नका. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं टेकून बसा, ब्राउझरचा झूम कंट्रोल आणि शून्य दाबून १००% वर आणा, आणि एखादा मराठी लेख उघडून राष्ट्र, उद्ध्वस्त, वाङ्मय असे शब्द पुढे न वाकता वाचता येतात का बघा. इंग्रजीवर टेस्ट करू नका, इंग्रजी अक्षर बारीक असलं तरी वाचता येतं, जोडाक्षराचं तसं नाही. बाबांचं शेवटी १७५ वर जमलं.

खाली कस्टम स्केलिंग पण दिसेल, त्याच्या वाटेला शक्यतो जाऊ नका, तो आकडा सगळ्याच स्क्रीनना लागतो आणि लावायला साइन आउट करावं लागतं. आयकॉन ठीक आहेत, फक्त अक्षर मोठं हवंय, तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये टेक्स्ट साइझ आहे, २२५% पर्यंत जातं.

आता खरा त्रास जुन्या प्रोग्रॅमचा, आणि मराठी टायपिंग, डीटीपी करणाऱ्यांकडे असे जुने प्रोग्रॅम असतातच. बाकी सगळं लख्ख आणि तेवढी एकच विंडो पुसट असेल तर त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे खालच्या ओव्हरराइडवर टिक करा आणि आधी सिस्टम एन्हान्स्ड निवडून बघा. प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. बऱ्याचदा अक्षरं सुधारतात, चित्रं आणि बटणं थोडी पुसटच राहतात. नाही जमलं तर अ‍ॅप्लिकेशन निवडा, त्यात सगळं कोरीव पण बारीक होईल, मग त्या प्रोग्रॅमचाच झूम वाढवायचा. आणि लॅपटॉप १२५ वर, मॉनिटर १५० वर असेल तर मॉनिटरला मेन डिस्प्ले करा आणि एकदा साइन आउट करून परत आत या, जुने प्रोग्रॅम साइन इनच्या वेळी मेन स्क्रीनचं स्केल धरतात म्हणून हे नुसतं बदलून भागत नाही.

मॅकवाल्यांनी सिस्टम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेजमधून आकार निवडायचा, २७ इंचावर बहुतेकांना २५६० बाय १४४० सारखा दिसणारा पर्याय बरा वाटतो. उबुंटूत डिस्प्लेमध्ये फ्रॅक्शनल स्केलिंगचं बटण चालू केलं की १२५, १५० दिसायला लागतात.

एवढं सगळं करूनही माउस अडखळत चालल्यासारखा वाटला तर तो स्केलिंगचा दोष नाही. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, ते बघा, ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० वेळा) असेल तर केबल किंवा डॉक (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडायचा डबा) तपासा, कारण एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० लाच चालतं, ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. आमच्याकडे जुनी केबल होती, ती बदलली आणि माउस सरळ चालायला लागला.