मजकुराचा एनम करणारी जेनेरिक मेथड लिहिण्याआधी

हे सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेपुरतं. एनम म्हणजे ठरावीक किमतींना नावं देणारा टाइप, आणि जेनेरिक मेथड म्हणजे टी च्या जागी हवा तो टाइप देता येईल अशी एकच मेथड. प्रत्येक एनमसाठी वेगळा स्विच लिहून कंटाळलात की ही मेथड लिहायची वेळ आली समजा. गेल्या वेळी मी ती घाईत लिहिली आणि दोन दिवस निस्तरत बसलो, म्हणून ही यादी.

आधी प्रोजेक्टची भाषा-आवृत्ती बघा. ७.३ किंवा पुढची असेल तर टी वर स्ट्रक्ट आणि एनम अशी दोन्ही बंधनं घाला. भलताच टाइप दिला तर कंपायलरच अडवतो. त्याआधीची असेल तर स्ट्रक्ट लावून, आत टाइप खरंच एनम आहे का ते रनटाइमला तपासावं लागतं. नल, रिकामी स्ट्रिंग: ट्रायपार्स (मजकुराचा एनम करून बघणारी आणि जमलं का ते ट्रू-फॉल्सनं सांगणारी तयार मेथड) सरळ फॉल्स देतं, पुढे चला. पार्स वापरू नका, बाहेरून आलेल्या मजकुरावर एक्सेप्शन झेलत बसाल. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मुळात धरला जातो, तो नको असेल तर इग्नोरकेस ट्रू द्या.

आता मुख्य गोष्ट. इजडिफाइन्ड, म्हणजे किंमत एनममध्ये खरंच आहे का ते सांगणारी मेथड. ट्रायपार्सनं ट्रू दिलं म्हणजे किंमत तुमच्या एनममधली आहे असं नाही! माझ्या एनममध्ये चारच किमती होत्या, ० ते ३. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये एका ओळीचा कॉलम सरकला आणि स्टेटसच्या जागी नग आले, ७. ट्रायपार्सनं "7" ही स्ट्रिंग आकडा म्हणून वाचली, ट्रू दिलं, आणि सात नंबरचं स्टेटस डेटाबेसमध्ये जाऊन बसलं. ना एरर, ना वॉर्निंग. रिपोर्टमधल्या स्विचला डीफॉल्ट नव्हता, त्यामुळे ती ऑर्डर रिपोर्टमधून गायबच. लॉगमध्ये नुसता ७ दिसायचा, तो मी नग समजून सोडून दिला. म्हणून पुन्हा सांगतो: ट्रायपार्स आणि त्याच अटीत इजडिफाइन्ड. "नंतर घालू" म्हणालात की राहिलंच.

इजडिफाइन्ड घातलं तरी एक फट उरते. एनमवर फ्लॅग्ज (अनेक किमती एकत्र चालतात असं सांगणारं ॲट्रिब्यूट) नसलं तरी स्वल्पविरामानं जोडलेली नावं ट्रायपार्स मुकाट घेतं आणि त्यांच्या किमती ऑर करतं, म्हणजे त्यांचे बिट एकत्र करतं. १ आणि २ किमतींची दोन नावं अशी आली की होतात ३, आणि ३ तर एनममध्ये आहेच! इजडिफाइन्डही मान डोलावणार. स्वल्पविराम दिसला की आधीच नाकारा. फ्लॅग्जवाल्या एनमचं उलटं: तिथे वैध जोड्याही, त्यांना स्वतःचं नाव नसेल तर, इजडिफाइन्ड नाकारतं. त्यांच्यासाठी वेगळी मेथड ठेवा, एकीतच सगळं कोंबू नका.

फॉल्स आल्यावर आउटमध्ये (ट्रायपार्स उत्तर ठेवतं त्या पॅरामीटरमध्ये) शून्याची किंमत असते. शून्याला "मंजूर" असलं काही ठेवलं असेल तर आधी ते बदला, "अज्ञात" ठेवा. जुना डेटा असेल तर तोही बघावा लागेल.

डिस्क्रिप्शन ॲट्रिब्यूटमधला, म्हणजे एनमच्या नावाला जोडलेल्या वर्णनातला, मजकूर ट्रायपार्स वाचत नाही. तो हवा असेल तर रिफ्लेक्शननं (टाइपची माहिती रनटाइमला वाचून) डिक्शनरी एकदाच बांधून ठेवा.

टेस्ट: बरोबर नाव, चुकीचं नाव, रिकामं, स्वल्पविराम. आणि "7". "7" ची टेस्ट सगळ्यात आधी लिहा, इजडिफाइन्ड काढून ती पडते का तेही एकदा बघून घ्या.