आयडी-पासची पंगत उठली आणि सात जण उरले

ओबीएस (लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर) कसं लावायचं, थंबनेल कसं बनवायचं, हे सांगणारे ढिगाने व्हिडिओ पडलेत, ते मी परत सांगत बसत नाही. तुम्ही यूट्यूबवर गेम खेळत चार-पाच लाईव्ह केलेत, चॅटमध्ये चुलतभाऊ आणि कॉलेजचा एक मित्र सोडून कोणी नाही, आणि आता डोक्यात यायला लागलंय की काहीतरी वाटूया म्हणजे पब्लिक येईल. बास, इथंच थांबा. माझं जवळजवळ एक वर्ष आणि साडेअकरा हजार रुपये इथंच गेलेत.

मी कराडजवळचा, दिवसभर मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात आणि रात्री साडेनऊला लाईव्ह. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईलचीच भारतातली आवृत्ती, जुलै २०२१ ला आलं, मी सप्टेंबरात चॅनल काढलं. तीन महिने रोज चार-पाच व्ह्यूअर, त्यातला एक मीच दुसऱ्या फोनवरून. मग एका 'मेंटॉर'ला दीड हजार दिले, इन्स्टावर स्वतःचे स्क्रीनशॉट टाकणारा एक जण, त्याने एका कॉलमध्ये सांगितलं की कस्टम रूम घे (आपली खासगी मॅच, आयडी-पासवर्ड असेल तोच आत येतो), यूसी (गेममधलं विकतचं चलन) गिव्हअवे ठेव, आकडा आपोआप चढेल. आणि खरंच चढला हो, हाच तर लोचा झाला! पहिल्याच रविवारी ८० लोक, महिन्याभरात एका लाईव्हला ३१२. मी आईला उठवून स्क्रीन दाखवली, ती म्हणाली एवढ्या रात्री ही माणसं झोपत नाहीत का.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कस्टमला काय होतं? साडेनऊला लाईव्ह चालू, पावणेदहाला रूम. तोपर्यंत चॅट बघाल तर 'आयडी पास दे भावा', 'आयडी पास', 'भाई आयडी', शेकडो मेसेज, दुसरा एक शब्द नाही. मी आयडी आणि पासवर्ड स्क्रीनवर टाकला की पुढच्या दोन मिनिटांत ३१२ चे ४०. का? तर त्या पोराकडे फोन एकच आहे, आणि तोच फोन आता गेममध्ये आहे. तो मॅच खेळणार की माझा लाईव्ह बघणार? त्याची काही चूक नाही, मी त्याच्या जागी असतो तरी तेच केलं असतं. मी मात्र पुढची पंचवीस-तीस मिनिटं स्पेक्टेट करत, म्हणजे न खेळता नुसती मॅच बघत, घसा कोरडा करायचो, 'बघा भावांनो काय क्लच मारला', आणि ज्याने क्लच मारला, म्हणजे हरत आलेली मॅच एकट्याने फिरवली, तोही रूममध्ये आणि बाकीचेही रूममध्येच. म्हणजे ज्यांच्यासाठी मी बोलतोय त्यातलं कोणी ऐकतच नव्हतं. मॅच संपली की परत गर्दी, यूसी कुणाला मिळाले बघायला, आणि न मिळालेले शिव्या घालून पसार.

हे सगळं यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसत होतं. एकाच वेळी किती लोक होते त्याचा ग्राफ म्हणजे मधे दरी पडलेले दोन डोंगर, आणि सरासरी बघायचा वेळ १ मिनिट ५० सेकंद, तोही अडीच तासांच्या लाईव्हवर. मी ते पान उघडायचो आणि फक्त एका वेळी सगळ्यात जास्त किती होते तो वरचा आकडा बघून बंद करायचो. गावात कीर्तनाला आठ म्हातारी आणि पंगतीला अख्खा गाव असतो ना, तसं होतं हे, आणि मी पंगतीची माणसं कीर्तनाला आलेली समजत होतो.

मग २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवरून गायब. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद झालं होतं तेव्हाच अक्कल यायला पाहिजे होती की एका गेमवर घर बांधू नये, पण नाही आली. मी ठरवलं, काही वाटायचं नाही, नुसता लाईव्ह करायचा. सबस्क्रायबर २,१४०. आले सात.

त्या रात्री मी अकरा मिनिटं काही बोललोच नाही, तो व्हिडिओ अजून ठेवलाय, त्यात फक्त कीबोर्ड आणि मागे आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. त्या सातांतल्या एकाने लिहिलं, 'दादा भात झाला वाटतं'. मी हसलो, आणि पहिल्यांदा त्याचं नाव वाचून त्याच्याशी बोललो. तो रात्रपाळीला जाताना एका कानात हेडफोन घालून ऐकायचा, डिसेंबरपासून. त्याने कधीच आयडी मागितला नव्हता, आणि 'आयडी पास'च्या त्या पुरात त्याचे मेसेज मी वाचलेच नव्हते. हे मला अजून लागतं.

घाबरू नका, सात कमी नाहीत. सात माणसं आपल्या घरात येऊन बसली तर आपण चहा टाकतो. त्या सातांना काय आवडतं ते विचारलं तर दोघे म्हणाले बुद्धिबळ खेळ. कॉमेडियन समय रैनाने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चेसच्या स्ट्रीमवर केवढी गर्दी जमवली ते सगळ्यांना माहितीय, पण त्याचं बोलणं त्याचं आहे, ती नक्कल करायला जाऊ नका, मी आठवडाभर केली, फार वाईट दिसते. मला बुद्धिबळ येत नाही आणि तेच लोकांना आवडलं. मी वजीर फुकट घालवला की चॅट पेटतं. त्याच हरलेल्या क्लिपा तीस सेकंदांच्या शॉर्ट्स म्हणून टाकतो, नवीन माणसं येतात ती तिथूनच, आणि आलेली दोन तास बसतात.

व्ह्यूअरच्या आकड्यावर मी दुकानातली काळी इन्सुलेशन टेप लावलीय. खरंच लावा. आकडा पडताना दिसला की आवाज पडतो, आणि आवाज पडला की नवीन आलेला माणूस थांबत नाही. शून्य असले तरी बोलत राहायचं, सवय नसेल तर काम करताना बोलून बघा, मी चार्जिंग पिन सोल्डर करताना बडबडायचो, गिऱ्हाईकं विचित्र बघायची.

बाकीचं पटापट सांगतो. नेटवाला सांगतो तो स्पीड डाऊनलोडचा असतो, तुम्हाला अपलोड बघायचाय. ओबीएसच्या सेटिंगमध्ये ७२० पी, ३० एफपीएस, बिटरेट ३,००० केबीपीएसच्या आसपास पुरतं, कीफ्रेम दोन सेकंद. कॅमेऱ्याआधी माइक घ्या, साधा कॉलर माइक चालतो. मोबाईलवरून डायरेक्ट लाईव्हला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाईव्ह चालू करायला २४ तास लागू शकतात, म्हणून 'आज रात्री येतोय' असं आधी जाहीर करू नका. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर एकट्याने लाईव्ह जायला वय १६ पूर्ण लागतं, मोठ्या भावाच्या आयडीवरून करणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतोय. आणि जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागणाऱ्या ज्या ४,००० तासांच्या मागे सगळे लागलेत ते पब्लिक व्हिडिओचे धरतात. लाईव्ह झाल्यावर लाजून प्रायव्हेट केला की ते तास गेले. मी असे कितीतरी केले होते.

सब-फॉर-सबबद्दल (तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो) बोलतच नाही, ती यूसीपेक्षा घाण सवय आहे. कोर्सवाल्यांना मात्र एक विचारा, तुझ्या परवाच्या लाईव्हचा सरासरी बघायचा वेळ दाखव. माझ्यावाल्या मेंटॉरला मी नंतर विचारलं तर त्याने ब्लॉक केलं.

बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत आलं. पहिल्याच रात्री चॅटमध्ये, 'भावा कस्टम कधी?' खोटं नाही सांगत, हात शिवशिवला, कस्टम रूम उघडायला लागणाऱ्या रूम कार्डचा पर्याय उघडूनही बघितला. मग रात्रपाळीवाल्याने लिहिलं, 'दादा आज वजीर कितव्या चालीला देणार?'

चौदाव्या चालीला दिला. तेवीस जण होते, ते टेप काढल्यावर कळलं.