फ्रूगल म्हणजे कंजूष नव्हे

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी परदेशात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा २०० पानी वही घेतली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज ३० शब्द. महिन्यात ९०० झाले, पण सराव परीक्षेत वर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचे, गुण जागचे हलेनात.

कारण कळलं ते सेंटेन्स इक्विव्हॅलन्सच्या एका प्रश्नात. तिथे सहा पर्यायांतून दोन असे निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. वाक्यात एका बाईंच्या साध्या राहणीचं कौतुक होतं. मी 'फ्रूगल' आणि 'स्टिंजी' निवडले, कारण वहीत दोन्हींसमोर 'कंजूष' होतं. बरोबर जोडी होती 'फ्रूगल' आणि 'थ्रिफ्टी'. आपल्याच भाषेत काटकसरी वेगळा आणि चिक्कू वेगळा, हे मी विसरले होते!

मग इंग्रजी-इंग्रजी कोश धरला. सुरुवातीला मोठा कोश घेऊ नका, एका अवघड शब्दापायी आणखी तीन शोधत बसाल. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे असतात. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या कोशात व्याख्यांसाठी साधारण २,००० सोपे शब्दच वापरले होते.

व्याख्या वाचायची, कोश मिटायचा आणि ती आपल्या साध्या इंग्रजीत लिहायची. खरा वेळ इथेच द्या. 'मिटिगेट'समोर मी नुसतं 'कमी करणे' लिहिलं होतं. पण भाजीचा भाव मिटिगेट होत नाही. होते ती नुकसानाची, धोक्याची, दुःखाची तीव्रता. काय कमी होतं हे व्याख्या सांगते, प्रतिशब्दात ते गळून पडतं. 'एनर्व्हेट' ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र उलटा: अंगातलं बळ काढून घेणं. मे महिन्यातली नागपूरची दुपार करते तेच.

उजळणीला शब्द झाका आणि व्याख्येवरून तो आठवा. त्रास होतो, पण लिहिताना शब्द असाच शोधावा लागतो. रोज आठ शब्द पुरेत. जुने ९०० पुन्हा लिहायला मला जवळजवळ चार महिने लागले.

मराठी मात्र सोडू नका, तिला शेवटी बोलवा. व्याख्या पक्की झाली की चपखल मराठी शब्द शोधा. 'डिसइंटरेस्टेड'ला 'रस नसलेला' लिहून मी मोकळी झाले होते. व्याख्येत होतं, ज्याचा त्या गोष्टीत स्वतःचा फायदा नाही असा. दोन दिवसांनी 'निःपक्षपाती' सुचला आणि वहीतली जुनी ओळ खोडली.